हास्केलची स्ट्रिंग लिस्ट का झाली

इंदूरला राजवाड्याजवळच्या एका मराठी वाचनालयाची पुस्तकांची यादी मी हास्केल या प्रोग्रामिंग भाषेत लावत होतो, फाइल काही फार मोठी नाही पण मेमरी भराभर चढायला लागली, तेव्हा हास्केलची स्ट्रिंग, म्हणजे मजकूर ठेवायचा प्रकार, मुळात अशी का बनवलीय ते शोधायला बसलो.

सुरुवात लिस्पपासून. ही जुनी प्रोग्रामिंग भाषा १९५८ला संगणकतज्ज्ञ जॉन मॅकार्थींनी काढली, तिथे सगळा कारभार लिस्टवर, म्हणजे एकाला एक जोडलेल्या कड्यांच्या साखळीवर, आणि तेव्हापासून फंक्शनल भाषांना (फंक्शनं जोडून प्रोग्राम लिहायच्या भाषांना) लिस्टचा लळाच आहे. १९९०ला हास्केलची व्याख्या सांगणारा पहिला रिपोर्ट आला त्यातही स्ट्रिंग म्हणजे कॅरेक्टरांची लिस्ट. शिकताना हे फार गोड वाटतं, मॅप, फिल्टर, रिव्हर्स, लिस्टला जे चालतं ते स्ट्रिंगला आपोआप चालतं. पण मेमरीत बघा. ६४ बिटच्या मशीनवर जीएचसी या हास्केलच्या कंपायलरमध्ये लिस्टची एकेक कडी २४ बाइटची. इंग्रजी अक्षरं आधीच बनवून ठेवलेली असतात, सगळे तीच वापरतात, देवनागरीला मात्र ती सोय नाही, दर अक्षरामागे आणखी १६ बाइट लागू शकतात. "इंदूर"चे पाच कोडपॉइंट (युनिकोडचे सुटे तुकडे: इ, अनुस्वार, द, ऊकार, र) म्हणजे २०० बाइट! यूटीएफ-८ या अक्षरं बाइटांत लिहायच्या पद्धतीत तेच १५ बाइटात बसतं.

आकड्यांच्या लिस्टचं दुखणंही हेच. तिथे अनबॉक्स्ड ॲरे कामी आले, कच्चे आकडे एकाला एक चिकटून, आणि १९९४ला लाँचबरी आणि पेटन जोन्स या संशोधकांनी एसटी मोनाड (बदल फंक्शनच्या आतच कोंडून ठेवणारी रचना) मांडला म्हणून ॲरे आतल्या आत बदलता येऊ लागला आणि बाहेरून फंक्शन शुद्धच, म्हणजे बाहेरचं काही न बदलणारं, राहिलं. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वात देखणी कल्पना वाटते.

स्ट्रिंगला वेळ लागला. कूट्स, स्टुअर्ट आणि लेश्चिन्स्की यांचा बाइटस्ट्रिंगवरचा (मजकूर सलग बाइटांत ठेवणाऱ्या लायब्ररीवरचा) पेपर २००७चा, पण बाइट म्हणजे अक्षर नव्हे, म्हणून मग टेक्स्ट लायब्ररी आली. ती आधी आतून यूटीएफ-१६ होती, २०२१च्या शेवटी २.० मध्ये यूटीएफ-८ झाली. देवनागरीला दोनाचे तीन बाइट झाले खरे, तरी मला हा निर्णय पटतो, कारण फाइली येतातच यूटीएफ-८ मध्ये, उगाचची रूपांतराची उलथापालथ वाचते.

टेक्स्टमध्येही "इंदूर" रिव्हर्स केलं की "रूदंइ" येतं, दचा ऊकार रला आणि इचा अनुस्वार दला. अक्षर कुठे तुटतं हे कळायला टेक्स्ट-आयसीयू पॅकेज लागतं, यादी मी आता त्याच्यावर लावतोय.