दाखवता न येणारे शब्द आपण शिकतो कसे?

एक व्हिडिओ लावलाय. आई आपल्या दीड-दोन वर्षांच्या मुलाशी खेळता खेळता बोलते आहे, पण आवाज बंद आहे. मध्येच 'बीप' वाजतो. नेमक्या त्या क्षणी आईने एक शब्द उच्चारला होता, तो कोणता ते तुम्ही ओळखायचं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लायला ग्लाइटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात ओळखणारे होते कॉलेजचे विद्यार्थी. प्रत्येक शब्दासाठी त्यांना एक नाही, वेगवेगळे अनेक प्रसंग दाखवले. तरी वस्तूंची नावं त्यांना सुमारे 45 टक्के वेळाच ओळखता आली आणि क्रियापदं जेमतेम 15 टक्के. 'विचार करणं', 'माहीत असणं' यांसारखी मनातली क्रियापदं तर कुणालाच ओळखता आली नाहीत.

ही मोठी माणसं होती, हे विसरू नका. शब्द त्यांच्या पाठ होते, अर्थही ठाऊक होते. फक्त समोरच्या दृश्यावरून तिथे पोचायचं होतं, आणि ते जमलं नाही. मग शून्यातून सुरुवात करणारं मूल तिथे कसं पोचत असेल?

उत्तर त्याच प्रयोगाच्या पुढच्या भागात आहे. संशोधकांनी सहभागींना आईची वाक्यं दिली, पण त्यांतली नामं आणि क्रियापदं काढून त्या जागी निरर्थक अक्षरं घातली. म्हणजे उरला तो वाक्याचा नुसता सांगाडा. तेवढ्यावरही मनातली क्रियापदं ओळखण्याचं प्रमाण एकदम वाढलं. मराठीत करून बघा: 'तिला गमूरतं की बाबा उद्या येतील.' 'गमूरणं' म्हणजे उडी मारणं किंवा खाणं नव्हे, हे तुम्हाला लगेच कळलं. 'तिला' आणि 'की' या दोघांनी निम्मं काम करून टाकलं. ज्या शब्दाकडे बोट दाखवता येत नाही, त्याचा अर्थ शेजारचे शब्द दाखवतात.

बोट दाखवता येणाऱ्या शब्दांना मूर्त म्हणतात (खुर्ची, दगड, पाऊस) आणि न येणाऱ्यांना अमूर्त (न्याय, शक्यता, कारण). मूर्त शब्द जास्त पटकन ओळखले जातात आणि यादी पाठ करायला दिली तर जास्त लक्षात राहतात, हे जुनंच निरीक्षण. त्यामागचं गाजलेलं स्पष्टीकरण कॅनडाच्या ॲलन पाइव्हिओ यांचं. (हे गृहस्थ तरुणपणी शरीरसौष्ठवपटू होते, 1948 चा 'मिस्टर कॅनडा' किताब त्यांच्या नावावर आहे.) मूर्त शब्दाची मनात दोनदा नोंद होते, एकदा शब्द म्हणून आणि एकदा चित्र म्हणून, अमूर्ताच्या वाट्याला बहुतेक वेळा फक्त शब्दाची नोंद येते, असं त्यांनी मांडलं. एक दोर तुटला तरी दुसरा शाबूत, म्हणून मूर्त शब्द टिकतो.

मांडणी देखणी आहे, पण माझ्या मते ती अमूर्त शब्दांवर अन्याय करते. त्यांची व्याख्याच 'चित्र नसलेले' अशी उणिवेतून होते. ते खरंच नुसते अर्धवट नोंदलेले शब्द असते, तर मेंदूला इजा झाल्यावर आधी तेच जायला हवे होते. अनेक रुग्णांत तसं होतंही. पण 1975 मध्ये ब्रिटिश मेंदूतज्ज्ञ एलिझाबेथ वॉरिंग्टन यांनी एका रुग्णाची नोंद केली, ती अगदी उलट होती. 'विनवणी' या अर्थाचा जड इंग्रजी शब्द विचारला, तर 'मदतीसाठी कळकळीने केलेली मागणी' असं नेटकं उत्तर आलं. 'सुई' म्हणजे काय, असं विचारल्यावर मात्र तो म्हणाला, विसरलो. म्हणजे मूर्त शब्द पुसले जाऊन अमूर्त शाबूत राहू शकतात. त्यांना स्वतःचा असा काही आधार असल्याशिवाय हे शक्य नाही.

त्या आधाराचा एक भाग म्हणजे वर पाहिलेली भाषा. दुसरा भाग बहुधा भावना. लंडनमध्ये काम करणाऱ्या गाब्रिएला व्हिग्लिओको यांच्या गटाने 2011 मध्ये दाखवलं, की चित्र डोळ्यांपुढे येणं, शब्दाचा संदर्भ सहज सुचणं अशा गोष्टी मूर्त-अमूर्त दोन्ही शब्दांत सारख्या ठेवल्या तर पारडं फिरतं आणि अमूर्त शब्दच किंचित लवकर ओळखले जातात. कारण अमूर्त शब्दांना सरासरीने भावनेची धार जास्त असते. याच गटाच्या मुलांवरच्या अभ्यासातही भावनेशी, विशेषतः चांगल्या भावनेशी, जोडलेले अमूर्त शब्द आठ-नऊ वर्षांच्या मुलांना कोरड्या अमूर्त शब्दांपेक्षा जास्त ओळखीचे निघाले. 'आनंद' आधी येतो, 'संदर्भ' मागाहून, यात आई-वडिलांना नवल वाटणार नाही.

खरी गंमत पुढे आहे. 'बघ' हा शब्द मूर्त की अमूर्त? बार्बरा लँडाऊ आणि ग्लाइटमन यांनी जन्मापासून अंध असलेल्या एका लहान मुलीचा अभ्यास करून 1985 मध्ये तो प्रसिद्ध केला. डोळस मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून 'वर बघ' म्हटलं, की ती मान वर करत. ही मुलगी मान जागच्या जागी ठेवून हात वर करायची. 'बघणं' तिच्यासाठी हातांनी चाचपून जाणून घेणं होतं, आणि नुसता स्पर्श करणं वेगळं, हेही तिला पक्कं कळत होतं. तिला हा शब्द कुणी दाखवून दिला नव्हता. लोकांच्या बोलण्यातून तो तिच्यापर्यंत आला आणि तिने तो आपल्या हातांशी जोडला.

2018 मध्ये एला स्ट्रीम-अमित आणि सहकाऱ्यांनी हाच धागा मेंदूच्या स्कॅनपर्यंत नेला. जन्मांध प्रौढांना तीन प्रकारचे शब्द ऐकवले. 'पाऊस', जो अंगावर घेता येतो. 'इंद्रधनुष्य', जे फक्त डोळ्यांनीच कळतं. आणि 'स्वातंत्र्य', ज्याला कुठलंच इंद्रिय पुरत नाही. कानशिलामागच्या मेंदूच्या भागाचं पुढचं टोक या शब्दांना कसा प्रतिसाद देतं, ते तपासलं. अंध व्यक्तींमध्ये इंद्रधनुष्याचा प्रतिसाद पावसापेक्षा स्वातंत्र्याशी जास्त जुळला, म्हणजे अमूर्त शब्दांशी. आणि तरीही इंद्रधनुष्य कधी पडतं, त्यात कोणते रंग असतात, हे जन्मांध माणसंही सांगू शकतात.