वनौषधी पूरक आहार : सुरक्षितता मूल्यमापन

वनस्पतींची चूर्णे, अर्क किंवा त्यांतून वेगळे काढलेले घटक आहाराला जोड म्हणून घेतले जातात. त्यांतील नैसर्गिक संयुगे कोणाला, किती मात्रेत व किती काळ निर्धोक आहेत, हे ठरविण्याची पद्धती. भारतात असे पूरक आहार अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 आणि त्याखालील विनियमांत मोडतात. औषध म्हणून विकले जाणारे आयुर्वेदीय कल्प मात्र औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 खाली येतात. नागपूरच्या इतवारी बाजारात गिऱ्हाइकाला हा भेद सहसा जाणवत नाही.

‘पिढ्यान्‌पिढ्या खातात, म्हणजे बाधत नाही’ या गृहीतकाची कसोटी पाहण्यास नागपूरकराला दूर जावे लागत नाही. पूर्व विदर्भात धानाच्या ओल्या बांधीत उतेरा पद्धतीने (उभ्या धानात बी फेकून) घेतली जाणारी लाखोळी (लाख डाळ) दुष्काळातही तग धरते. दुसरे काही नसताना तीच पोटभर खाल्ली जाते आणि काही महिन्यांत पाय कायमचे लुळे पडू शकतात (कलायखंज, लॅथिरिझम). हा विकार सुश्रुतसंहितेत वर्णिला आहे असे अनेकदा लिहिले जाते. संहितेचा काळ अनिश्चित असून उपलब्ध पाठ अनेक शतकांच्या संस्करणातून आला असावा. त्यातील कलायखंजाच्या लक्षणश्लोकात चालू लागताना होणारा कंप, लंगडी चाल व सैल झालेले सांधे येतात. धान्याचा उल्लेख नाही. ‘कलाय’ म्हणजे वाटाणा की लाखोळी, यावरही मतभेद आहेत. त्यामानाने साधारण सोळाव्या शतकातील भावप्रकाश या वैद्यकग्रंथात ‘त्रिपुट’ हे कडधान्य पांगळेपणाला कारण म्हटले आहे. कार्यकारणाचा पुरावा म्हणून तो उल्लेख अधिक भरवशाचा वाटतो.

बीटा-ओडॅप हे लाखोळीतील कारक अमिनो आम्ल 1964 मध्ये वेगळे करण्यात आले. ते चेतापेशींवरील ग्लुटामेट ग्राहींना (संदेश टिपणाऱ्या रेणूंना) अतिउत्तेजित करते. पाण्यात विरघळत असल्याने डाळ गरम पाण्यात भिजवून पाणी टाकून दिल्यास त्याचा बराच भाग निघून जातो. तेव्हा बिया, शिजविण्याची रीत आणि ताटातील वाटा हे तिन्ही पाहिल्याशिवाय धोका मोजता येत नाही. लाखोळीच्या विक्रीवरील 1961 च्या केंद्रीय बंदीचा युक्तिवाद व त्याचा प्रतिवाद दोन्ही याच मुद्द्यावर फिरत राहिले. गंमत म्हणजे हेच संयुग ‘डेन्सिचीन’ या नावाने पॅनॅक्स नोटोजिन्सेंग या चिनी वनस्पतीच्या मुळात आढळते आणि रक्तस्तंभक (रक्तस्राव थांबविणारे) म्हणून गौरविले जाते.

मूल्यमापनाची रूढ रीत अशी : प्राण्यांवरील प्रयोगांत अपाय न दिसलेली सर्वांत मोठी मात्रा घेऊन तिला साधारणतः 100 ने भागतात (प्रजातिभेदासाठी 10, माणसामाणसातील फरकासाठी 10). जनुकांना इजा करणाऱ्या कर्कजनकांना हे लागू पडत नाही. बडीशेपेतील एस्ट्रागोलसारख्या घटकासाठी प्रयोगातील संदर्भमात्रा (थोडा पण मोजता येणारा परिणाम दाखविणारी) व प्रत्यक्ष सेवन यांचे गुणोत्तर काढतात आणि ते 10,000 च्या वर असल्यास चिंता कमी मानतात. अर्क काढल्याने चित्र बदलते. ग्रीन टीच्या पेल्याबद्दल फारशी तक्रार नाही, परंतु त्यातील ईजीसीजी हे संयुग पूरक आहारातून रोज 800 मिलिग्रॅम वा अधिक घेतल्यास रक्तातील यकृताची विकरे (एन्झाइम) वाढू शकतात, असे युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2018 मध्ये नोंदविले.

ओळख हा वेगळा प्रश्न. कोविड काळात मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्यांतील यकृतदाह 2021 मध्ये नोंदविला. नमुन्यांची वानसशास्त्रीय ओळख पटविलेली नाही, टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाऐवजी (म्हणजे खऱ्या गुळवेलीऐवजी) तिच्याच प्रजातीतील टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकते, असा आयुष मंत्रालयाचा आक्षेप होता. आक्षेप रास्त, पण बाजारातून वेल घेणाऱ्याला तो भेद करता येत नाही, हेही तितकेच खरे.

नागपुरात अन्नरसायनाच्या शिक्षणाची परंपरा 1942 मध्ये स्थापन झालेल्या लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्थेकडे जाते. विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात वनौषधींवर संशोधन होते.