ऑर्गनचा सूर उकाड्यात का चढतो?

मार्चमध्ये परदेशी ऑर्गनवादकाचा कार्यक्रम ऐकायला आम्ही वेंगुर्ल्याहून मुंबईला गेलो होतो, सोबत दशावतारात पेटी वाजवणारे भाऊकाका. चर्चमधले ते पाइप बघून ते पुटपुटले, "आमची पायपेटी म्हंजे ह्योच मां रे?" हॉल भरला तसा उकाडा वाढला आणि इंटरव्हलला एक माणूस चक्क ऑर्गनच्या पोटात शिरून आतल्या तारांवर टकटक करत बसला. मला खरी मजा तिथेच आली.

ऑर्गनमध्ये पाइप दोन जातींचे. एक बासरीच्या जातीचे, दुसरे पिपाणीच्या. लहानपणी माडाच्या पातीची पिपाणी केलीच असेल, तिच्यात पातीची जीभ थरथरते. पिपाणीवाल्या पाइपात तशीच पितळेची जीभ असते आणि पायपेटीतही पितळेच्याच पट्ट्या, म्हणजे भाऊकाका अर्धे बरोबर होते.

बासरीवाल्या पाइपात मात्र हलणारं काहीच नाही, फक्त हवा. खालच्या फटीतून हवेचा पातळ पट्टा येतो, वरच्या धारेवर आपटतो, जरासा आत शिरतो, आतला दाब वाढला की तो पट्टा बाहेर ढकलला जातो, दाब उतरला की परत आत, आणि हे किती भरभर व्हायचं ते ठरवतो दाबाचा तो धक्का, जो पाइपच्या टोकापर्यंत जाऊन परत येतो. पाइप लांब तर फेरी लांब, सूर खाली. ८ फुटी उघडा पाइप साधारण ६५ हर्ट्झचा, १६ फुटी त्याच्या निम्मा. टोक बंद केलं तर निम्म्या लांबीत तोच सूर मिळतो. सोड्याच्या बाटलीच्या तोंडावर फुंकून बघा, धारेवरचा खेळ तोच.

आता हवा तापली की आवाज जोरात पळतो. वेग केल्विनमधल्या तापमानाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो (गणित नको असेल तर सोडा), २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर, ३० ला साधारण ३४९. फेरी लवकर संपते, सूर चढतो. पण पितळेच्या जिभेला हवेच्या वेगाचं फारसं काही पडलेलं नसतं, तिचा सूर मुख्यतः तिच्या लांबीवर आणि ताठपणावर, त्यामुळे ती होती तिथेच राहते आणि एकाच वाद्यातले दोन भाग एकमेकांशी बेसूर! हजारभर बासऱ्या उतरवत बसण्यापेक्षा मोजक्या जिभा वर चढवणं सोपं, म्हणून ती टकटक. जिभेवर टेकलेली तार सरकवली की तिचा थरथरणारा भाग कमीजास्त होतो.

ते ४३२ हर्ट्झने आजार बरे होतात वगैरे फॉरवर्ड येतात ना, त्यांना एवढंच विचारा की २० अंशांना ४३२ ला लावलेला पाइप ३० अंशांना ४३९ वाजवतो, मग आजार परत येतात का?

परतीच्या गाडीत भाऊकाकांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मगे माझी काळी दोन पावसात कित्याक अडकता?"

ती अडकते कारण दमट हवेत लाकूड फुगतं.