करार वेगळा, क्रॉसओव्हर वेगळा

अल्टरनेटिव्ह रॉक, म्हणजे मुख्य प्रवाहाबाहेरच्या रॉक संगीताबद्दल लिहिताना ‘मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार’ आणि ‘क्रॉसओव्हर’ यांची सर्रास गल्लत होते. बँडने सही केली की तो मुख्य प्रवाहात गेला, असं ठोकून दिलं जातं. हे साफ चूक आहे.

करार म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक आहे: स्टुडिओसाठी आगाऊ रक्कम आणि गावोगावच्या दुकानांत रेकॉर्ड पोचवणारं वितरण. (‘इंडी’, म्हणजे इंडिपेंडंट, हा शब्दही मुळात कंपनी कुणाच्या मालकीची ते सांगतो, आवाज कसा ते नाही.)

क्रॉसओव्हर घडतो तो रेडिओवर. अमेरिकेत प्रत्येक स्टेशनचा साचा, म्हणजे कोणत्या प्रकारची गाणी लावायची ते, ठरलेला असतो. अल्टरनेटिव्ह बँडची गाणी आधी कॉलेज रेडिओवर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या स्टेशनांवर, वाजायची, मग अल्टरनेटिव्ह रॉक लावणाऱ्या मॉडर्न रॉक स्टेशनांवर. या स्टेशनांसाठी ‘बिलबोर्ड’ या अमेरिकन संगीत नियतकालिकाने सप्टेंबर १९८८ मध्ये वेगळी यादी काढली. त्या यादीत पहिलं येणं म्हणजे आपल्याच श्रोत्यांत पहिलं येणं. ज्यांनी बँडचं नावही ऐकलेलं नाही, त्यांच्या, सगळ्यांत लोकप्रिय गाणी लावणाऱ्या टॉप फॉर्टी स्टेशनवर गाणं लागलं, तर तो क्रॉसओव्हर.

रिप्लेसमेंट्स या बँडचंच बघा. १९८५ पासून ते वॉर्नर या मोठ्या कंपनीच्या सायर लेबलवर (रेकॉर्ड काढणाऱ्या शाखेवर) होते. १९८९ मध्ये त्यांचं ‘आय’ल बी यू’ मॉडर्न रॉक आणि मेनस्ट्रीम रॉक या दोन्ही याद्यांत पहिलं आलं, पण हॉट हंड्रेडमध्ये, म्हणजे सगळ्या प्रकारच्या गाण्यांच्या बिलबोर्डच्या मुख्य यादीत, ५१ व्या क्रमांकावर अडकलं. करार होता, रॉकचे श्रोते होते, क्रॉसओव्हर नव्हता. उलट आर.ई.एम.चं ‘द वन आय लव्ह’ १९८७ मध्येच हॉट हंड्रेडमध्ये नवव्या क्रमांकावर पोचलं. तेव्हा ते आय.आर.एस. या लहान लेबलवर होते; वॉर्नरशी करार १९८८ चा. ऑफस्प्रिंगने तर १९९४ मध्ये एपिटाफसारख्या स्वतंत्र लेबलवर राहूनच ‘स्मॅश’ हा अल्बम लाखोंनी खपवला.

निर्वाणा या बँडच्या ‘नेव्हरमाइंड’च्या यशाला ‘रातोरात’ हा शब्द लावणं तर बंदच व्हावं. २४ सप्टेंबर १९९१ ला अल्बम आला तेव्हा अमेरिकेत जेमतेम ४६ हजार प्रती पाठवल्या होत्या, आणि बिलबोर्डच्या अल्बमच्या यादीत तो शिरला १४४ व्या क्रमांकावर. पहिला क्रमांक मिळाला ११ जानेवारी १९९२ ला. मधल्या साडेतीन महिन्यांत त्यातलं ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ हे गाणं एकेक साचा ओलांडत गेलं. एमटीव्ही या संगीत वाहिनीवर त्याचा व्हिडिओ आधी रविवारी रात्री उशिरा दिसला, नंतर दिवसाढवळ्या. आवाजही त्या प्रवासाला साजेसा होता: निर्माता बुच विगने गायक कोबेनचा गळा दोनदा रेकॉर्ड करून एकावर एक बसवला आणि अँडी वॉलेसच्या मिक्समध्ये ड्रम भरीव, ठसठशीत झाले. पॉप गाण्यांच्या मध्ये वाजलं तरी ते गाणं कच्चं वाटत नाही.

तेव्हा कोण खरंच पलीकडे गेलं ते शोधताना कराराची तारीख बाजूला ठेवा, याद्या बघा. मात्र एक खड्डा सांभाळा. डिसेंबर १९९८ पर्यंत, सिंगल (सुट्या गाण्याची रेकॉर्ड) म्हणून विक्रीला न काढलेलं गाणं हॉट हंड्रेडमध्ये धरतच नसत. नो डाउट या बँडचं ‘डोन्ट स्पीक’ असंच होतं: रेडिओवर किती वाजलं ते मोजणाऱ्या एअरप्ले यादीत ते सोळा आठवडे पहिलं होतं; त्या काळच्या हॉट हंड्रेडमध्ये ते सापडणारच नाही.