हेरवाडच्या ठरावाआधी

कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेला की बायकोचे कुंकू पुसायचे, मंगळसूत्र तोडायचे, बांगड्या फोडायच्या, जोडवी काढायची, हे गावात यापुढे नको, असा तो ठराव. साल राजर्षी शाहूंच्या स्मृतिशताब्दीचे होते. महिना सरायच्या आत राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हाच कित्ता गिरवायला सांगितले.

ठराव गावाचा असला तरी ठिणगी एका माणसाची होती. करमाळ्याचे कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे यांनी कोरोनाकाळात सहकाऱ्याच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीवर हे सोपस्कार लादले जाताना पाहिले. आपल्या पश्चात आपल्या बायकोवर असे काही करू नये, हे त्यांनी चक्क स्टॅम्प पेपरवर लिहून दिले.

कायदा तर केव्हाच झाला होता. विधवेच्या पुनर्विवाहाला १८५६ मध्ये मान्यता मिळाली, कोल्हापूर संस्थानात शाहूंनी १९१७ मध्ये स्वतंत्र कायदा केला. पण कायद्याने लग्नाला मुभा मिळते, पंगतीत पान मिळत नाही. धोंडो केशव कर्व्यांना हे चांगलेच कळले. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर फर्ग्युसनमधल्या या गणिताच्या प्राध्यापकाने १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी लग्न केले. कोकणातल्या आपल्या ज्या मुरूड गावासाठी त्यांनी निधी उभारला होता, त्याच गावाने त्यांना वाळीत टाकले. घरात घेतले तर आई-भावावरही बहिष्कार, अशी धमकी वर.

माझ्या मते कर्व्यांचे खरे धाडस त्या लग्नापेक्षा पुढच्या निर्णयात आहे. विधवाविवाहाचा प्रचार करणाऱ्याच्या संस्थेत सनातनी घरे आपल्या मुली पाठवणार नाहीत, हे त्यांनी ओळखले. म्हणून १८९६ मध्ये सुरू केलेल्या आणि पुढे हिंगण्याला गेलेल्या अनाथ बालिकाश्रमात त्यांनी भर दिला तो शिक्षणावर. पुनर्विवाहाचा आग्रह तिथे धरला नाही. काही सुधारकांना हे कचखाऊ वाटले. पण त्यामुळेच लाल आलवणातल्या, म्हणजे विधवांच्या लाल लुगड्यातल्या, मुलींना आश्रमाचे दार उघडले. कर्व्यांची मेहुणी पार्वतीबाई आठवले स्वतः विधवा होत्या. आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडतानाही त्यांनी बरीच वर्षे केशवपन चालू ठेवले आणि स्वतःला पटले तेव्हाच ते सोडले. बहीण आणि मेहुणे घरातलेच, तरी त्यांच्या मनाला इतका वेळ लागला. मग गावाला किती लागेल, याचा हिशेब सरकारी कागदात मांडता येत नाही.

सरकारच्या परिपत्रकातही आवाहनच आहे, सक्ती नाही. हेरवाडनंतर आणखी गावांनी ठराव केले खरे. पण मयताच्या घरी अंमलबजावणीला ग्रामसेवक बसलेला नसतो. तिथे सासू असते, थोरली जाऊ असते, शेजारणी असतात आणि बांगड्यांना हात लावायचा की नाही, हे त्याच ठरवतात.