जड झालेलं मॉडेल विमान आणि शेपटीतले 20 ग्रॅम

रिमोटवर उडणारी विमानं बांधणाऱ्यांत एक समज घट्ट रुजलाय: विमान ठरल्यापेक्षा जड झालं, तर मोठी मोटर लावायची. पण मोटर विमानाला पुढे ओढते. नेहमीच्या उड्डाणात त्याला हवेत तोलून धरतो तो पंख, आणि मोटर किती वॉटची आहे याच्याशी पंखाला काही देणंघेणं नसतं.

पंखाची ही उचल, म्हणजे लिफ्ट, ठरते हवेची घनता, पंखाचं क्षेत्रफळ, वेगाचा वर्ग आणि पंखाने समोरून येणाऱ्या हवेशी केलेला कोन यांवर. वजन वाढलं की हातात उरतात कोन आणि वेग. कोनाला मर्यादा आहे. साधारण 12 ते 15 अंशांपुढे वरच्या पृष्ठभागावरून वाहणारी हवा पंखाला धरून राहत नाही आणि लिफ्ट एकदम पडते. हाच स्टॉल. म्हणून विमान जड की हलकं हे नुसत्या वजनावरून कळत नाही. वजन भागिले पंखाचं क्षेत्रफळ, म्हणजे पंखभार, बघावा लागतो. पॉल मॅकक्रेडी यांच्या गॉसमर कॉन्डोर या विमानाने 1977 मध्ये पायडल मारणाऱ्या माणसाच्या ताकदीवर उडून क्रेमर पारितोषिक मिळवलं, ते साधारण 32 किलोच्या सांगाड्यावर 29 मीटर लांबीचा पंख होता म्हणून.

आता आपलं विमान घेऊ. ठरवलं होतं 1000 ग्रॅम, भरलं 1250. पंख 25 चौरस डेसिमीटरचा. पंखभार दर चौरस डेसिमीटरला 40 ग्रॅमवरून 50 वर गेला. स्टॉलचा वेग पंखभाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी सुमारे 28 किलोमीटरवरून 31 वर. तीन किलोमीटरचं काय एवढं, असं वाटेल. पण वस्तुमान सव्वापट आणि वेगाचा वर्गही सव्वापट, त्यामुळे जमिनीला टेकताना चाकांवर येणारी ऊर्जा 56 टक्क्यांनी वाढते.

खरी गोम वळणात आहे. विमान कललं की लिफ्टही त्याच्याबरोबर तिरपी होते. तिचा उभा हिस्सा वजन पेलतो, आडवा हिस्सा विमान वळवतो. उंची न सोडता 60 अंश कलून वळायचं, तर लिफ्ट वजनाच्या दुप्पट लागते आणि स्टॉलचा वेग 1.41 पट होतो. हलक्या विमानाचा 39, जड विमानाचा 44. दोघंही ताशी 42 च्या वेगाने वळत असतील, तर हलकं आरामात वळून येईल आणि जड विमानाचा एक पंख अचानक खाली जाईल. लँडिंगआधीच्या शेवटच्या वळणात हे घडलं, तर सावरायला उंचीच उरत नाही. मग कोणी म्हणतं सिग्नल गेला, कोणी म्हणतं नजर लागली. नजरेने विमान पडत नाही. एलेव्हेटरची, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीतल्या पट्टीची, रिमोटवरची काडी मागे ओढल्याने पडतं.

मोठ्या मोटरला मोठी बॅटरी आणि जास्त ताकदीचा ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा नियंत्रक, लागतो. म्हणजे वजनावर वजन. त्यापेक्षा शेपटी तपासा. गुरुत्वमध्यापासून नाक 20 सेंटीमीटरवर आणि शेपटी 60 वर असेल, तर शेपटीतल्या जादा 20 ग्रॅमला तोलायला नाकात 60 ग्रॅम शिसं भरावं लागतं. एकूण 80 ग्रॅम! उलट शेपटीतून 20 ग्रॅम काढले, तर शिसंही निघतं. आडव्या आणि उभ्या शेपटीला वजन घटवणाऱ्या खिडक्या, म्हणजे आरपार भोकं, पाडा, जाड रंगाऐवजी पातळ फिल्म लावा, सर्व्हो (शेपटीच्या पट्ट्या हलवणारी छोटी मोटर) पुढे घेऊन तिथून कार्बनची काडी न्या. पांढऱ्या गोंदातलं पाणी वाळताना उडून जातं. एपॉक्सी जेवढं लावलं तेवढं वजन कायम राहतं, म्हणून ते मोटरच्या आणि चाकांच्या बैठकीपुरतंच ठेवा. शिसं घालण्याआधी बॅटरी पुढे सरकवून बघा. हलकी बॅटरी शेवटी, कारण ती बहुधा नाकातच असते आणि ती हलकी केली की गुरुत्वमध्य मागे सरकतो. शेपटीकडे जड झालेलं विमान थोड्याफार जड विमानापेक्षा कितीतरी धोकादायक.

एवढं करूनही वजन उरलंच, तर उडवायची रीत बदला. टेकऑफ समोरच्या वाऱ्यात, वळणं 30 अंशांच्या आत, लँडिंग लांबून सरळ येत आणि थोडा थ्रॉटल ठेवून. पहिल्याच उड्डाणात भरपूर उंचीवर जाऊन थ्रॉटल कमी करा, एलेव्हेटर हळूहळू ओढा आणि विमान कधी स्टॉल होतं ते पाहून ठेवा. नाक सरळ खाली पडलं तर ठीक. एकच पंख पडत असेल, तर खाली उतरवून आधी दोन्ही पंखांची टोकं मागून न्याहाळा. पीळ सारखा नसेल, तर तो काढल्याशिवाय पुन्हा उडवू नका.