सराव कळा आणि खऱ्या कळा : कडेवर एक, पोटात एक असताना

चौतिसावा आठवडा चालू होता. रात्री दोनच्या सुमाराला अडीच वर्षांचा लेक चाचपडत जवळ आला, अंगावर प्यायला लागला आणि मिनिटभरात माझं पोट घट्ट झालं. हात लावून पाहिलं तर नारळासारखं कडक. पाऊण मिनिटाने सैल पडलं, मग पुन्हा तसंच. लेक झोपून गेला, तरी त्यानंतर दोनदा आलं. मी नवऱ्याला उठवलं, दवाखान्यात न्यायची पिशवी दाराशी आणून ठेवायला सांगितली. तेवढ्यात आठवलं की संध्याकाळपासून पाणी प्यायलेच नव्हते. दोन ग्लास पाणी प्यायले, लघवीला जाऊन आले, डाव्या कुशीवर पडून राहिले. पुढची कळ आलीच नाही.

सकाळी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "खोट्या कळा गं त्या. खऱ्या आल्या की तुला कुणाला विचारावं लागणार नाही."

हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक गरोदर बाईला ऐकायला मिळतं. पहिलटकरणीला त्याने धीर येतो, म्हणून मला ते आवडतंही. पण दुसऱ्या वेळी तेच वाक्य घात करू शकतं. आपण पहिल्या बाळंतपणातल्या शेवटच्या तासाचं दुखणं आठवत बसतो आणि तसं दुखेपर्यंत कळा खऱ्या मानतच नाही. प्रत्यक्षात सराव कळ चांगली जोरात येऊ शकते आणि खरी कळ पाळीच्या दिवसांतल्या ओटीपोटाच्या दुखण्याइतकी हलकी सुरू होऊ शकते. किती दुखतंय यावरून दोन्हींतला फरक ओळखता येत नाही. आपण काही बदल केला की ती थांबते का, हे बघावं लागतं.

खोट्या कळांना डॉक्टर ब्रॅक्स्टन हिक्स म्हणतात. जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी १८७२ मध्ये त्यांचं वर्णन केलं, त्यावरून हे नाव पडलं. मला 'खोट्या' हा शब्द बरोबर वाटत नाही. पोट खरंच आवळतं, गर्भपिशवीचा स्नायू खरंच काम करतो, फक्त पिशवीचं तोंड उघडत नाही. म्हणून मी सराव कळा म्हणते. दुसऱ्या खेपेला त्या लवकर जाणवू लागतात, कारण शरीराला त्यांची ओळख असते. मला पाचव्या महिन्यातच कळल्या होत्या. पहिल्या वेळी थेट आठव्यात.

ज्यांच्या घरात दोन-अडीच वर्षांचं मूल आहे त्यांच्यासाठी पुढचं थोडं सविस्तर लिहिते. सराव कळा ज्यामुळे येतात, ते सगळं आपल्या दिवसभरात भरलेलं असतं. लेकाच्या मागे धावताना पाणी प्यायचं राहतं. तो बाथरूमच्या दाराशी रडतो म्हणून लघवी धरून ठेवली जाते. त्याला कडेवर घेऊन जिना चढला जातो. वरच्या मजल्यावर पोहोचेपर्यंत माझं पोट हमखास आवळायचं. चैत्राच्या उन्हात तर जास्तच. शेवटी मी एक पद्धत लावली. कडेवर घ्यायचंच नाही असं नाही, पण उभ्याने उचलायचं नाही. मी आधी पायरीवर बसायचे, तो मांडीवर यायचा, गळ्यात हात टाकायचा, आणि मग दोघं एकेक पायरी हात धरून वर. त्याला जवळ घेणं हवं असायचं, उचलणंच हवं होतं असं नाही.

आता अंगावर पाजण्याचं. माझ्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुणीने विचारलं, "दुसरं पोटात असताना अजून पाजतेस?" त्यांची काळजी निराधार नाही. बाळ प्यायला लागलं की आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटतं. त्याने दूध उतरतं आणि त्यानेच गर्भपिशवी आवळते. पण गरोदरपणाचा बराच काळ पिशवी त्याला फारसा प्रतिसाद देत नाही. दिवस भरत येतात तशी ती त्याला संवेदनशील होते. म्हणून निरोगी गरोदरपणात पाजल्याने येणाऱ्या कळा सहसा सराव कळाच असतात. बाळाने सोडलं की थोड्या वेळात त्याही थांबतात. मात्र आधीचं बाळंतपण दिवस भरायच्या आत झालं असेल, जुळी असतील, अंगावर रक्त जात असेल किंवा डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असेल, तर पाजण्याचा निर्णय त्यांना विचारूनच घ्यावा. तिथे मी कुणालाही चालू ठेव म्हणणार नाही.

जाता जाता चिकाबद्दल, म्हणजे बाळंतिणीच्या पहिल्या घट्ट दुधाबद्दल. मोठा सगळा चीक पिऊन टाकेल आणि धाकट्याला राहणार नाही, अशी भीती आमच्याकडेही होती. मधल्या महिन्यांत दूध कमी होतं, मग त्याचा चीक होतो. लेकाने एके दिवशी तोंड वाकडं करून सांगितलंही, "आई, खारट." पण चीक काही साठवून ठेवलेला नसतो, बाळ जन्मल्यावरही पहिले काही दिवस तो तयार होतच राहतो. फक्त बाळ आल्यावर पहिला मान त्याचा, मोठ्याने नंतर.

खऱ्या कळांचं वागणं वेगळं असतं. त्या एका चालीने येतात. सुरुवातीला वीस मिनिटांनी, मग पंधरा, मग दहा. प्रत्येक कळ आधीच्यापेक्षा थोडी लांबते आणि जोर धरते. बऱ्याच जणींना ती कमरेतून सुरू होऊन पुढे ओटीपोटाकडे येते. सराव कळ बहुतेक वेळा पुढच्याच बाजूला राहते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चाललात, झोपलात, पाणी प्यायलात, कोमट पाण्याने अंघोळ केलीत, तरी खरी कळ येतच राहते. सराव कळ अशा वेळी मागे हटते.

कळा मोजताना एक चूक फार जणींकडून होते. एक कळ संपल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंतचा वेळ धरला जातो. तसं नाही. एक सुरू झाली तिथपासून पुढची सुरू होईपर्यंत, हे अंतर. किती वेळ टिकली ते वेगळं लिहायचं. मी ओट्याशेजारच्या कॅलेंडरच्या पाठीमागे पेन्सिलीने दोन रकाने आखून ठेवले होते. फोनवर मोजायला गेले की लेक फोन ओढायचा.

दुसरी एक खूण मला तपासणीच्या वेळी सिस्टरनी हातानेच शिकवली. कळ आल्यावर पोटाच्या वरच्या भागावर बोटं टेकवायची. नाकाच्या शेंड्याइतकं दबलं तर कळ हलकी. हनुवटीइतकं लागलं तर मध्यम. कपाळासारखं कडक, बोट अजिबात रुतत नाही, म्हणजे जोराची. त्या रात्री मला लागलेलं पोट हनुवटीइतकंच होतं, घाबरल्यामुळे नारळ वाटलं. शिवाय खऱ्या असोत वा सरावाच्या, दोन कळांच्या मध्ये पोट पूर्ण मऊ पडायला हवं. पोट दगडासारखं कडक राहिलं, सैलच पडत नसेल, तर त्यात मोजत बसायचं नाही, लगेच निघायचं. वार (प्लॅसेंटा) पिशवीपासून आधीच सुटायला लागली असली की असं होतं, आणि त्यात आईचा आणि बाळाचा दोघांचा जीव असतो.

गुलाबी किंवा तांबूस धागे असलेला, शेंबडासारखा चिकट स्राव गेला तर पिशवीचं तोंड सैल व्हायला लागलंय इतकं कळतं. कळा कुणाच्या त्याच दिवशी सुरू होतात, कुणाच्या काही दिवसांनी. तसंच तपासणीत ऐकू येणाऱ्या "पिशवीचं तोंड दोन बोटं उघडलंय" या वाक्याचं. दुसऱ्या वेळी तोंड आधीपासूनच थोडं सैल असू शकतं. तेवढ्यावर माहेरच्यांना रात्रीत गाडी करून बोलावू नये.

आता दुसऱ्या वेळेचं घड्याळ. पहिलटकरणीत पिशवीचं तोंड आधी पातळ होतं आणि मग उघडतं. दुसऱ्या वेळी दोन्ही कामं बरोबरीने चालतात, म्हणून सगळंच भराभर होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनानुसार तोंड ५ सेंटिमीटर उघडल्यापासून पूर्ण उघडेपर्यंत पहिल्या खेपेला साधारण १२ तासांपलीकडे जात नाही, पुढच्या खेपांना १० तासांपलीकडे. हे जास्तीत जास्तचे आकडे झाले. दुसरटकरणीचं बाळंतपण यापेक्षा खूप कमी वेळात झाल्याचं आपण सगळ्यांनीच आपल्या घरात ऐकलेलं असतं.

मी नैसर्गिक बाळंतपणाच्या बाजूची आहे. घरी जितका वेळ निवांत राहता येईल तितकं राहायचं, चालायचं, अंधारात बसायचं, उगाच आधी जाऊन पलंगाला खिळायचं नाही, हे मी पहिल्या वेळीही केलं होतं. तेव्हा ऐकलेला हिशेब होता : दर ५ मिनिटांनी कळ, प्रत्येक १ मिनिटाची, असं १ तास चाललं की निघा. दुसऱ्या वेळी डॉक्टरबाईंनी तो हिशेब पुसूनच टाकला. "तुझ्या कळा १० मिनिटांवर येऊन टिकल्या की तू रस्त्यावर असली पाहिजेस," त्या म्हणाल्या. आधीचं सिझेरियन असेल तर घरी थांबून अंदाज घेण्याचा प्रश्नच नाही, कळा सुरू झाल्यासारख्या वाटल्या की फोन करायचा.

आमचं घर पंचवटीत आणि दवाखाना गंगापूर रोडच्या बाजूला. मालेगाव स्टँड, होळकर पूल, रविवार कारंजा, अशोकस्तंभ असा रस्ता. पहाटे दहा-पंधरा मिनिटं, संध्याकाळी त्याची तिप्पट. त्यात माझी तारीख चैत्रातली. कामदा एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो त्या दिवशी पंचवटीतून गाडी बाहेर काढणं किती अवघड असतं ते नाशिककरांना सांगायला नको. म्हणून आम्ही त्या दिवसापुरतं नदीपलीकडे, नणंदेकडे राहायला गेलो होतो. गाडीची सोय नसेल तर १०८ किंवा १०२ वर फोन करून रुग्णवाहिका मागवता येते. हे दोन आकडे घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही पाठ असू द्यावेत.

सदतीस आठवड्यांच्या आत असाल तर मात्र हा सगळा विचार बाजूला ठेवा. तासाभरात चारपेक्षा जास्त कळा आल्या, पाणी पिऊन आणि आडवं पडूनही थांबल्या नाहीत, कंबर सतत भरून येतेय, ओटीपोटावर खाली दाब येतोय, तर त्या सराव कळा आहेत असं घरी ठरवू नका. लघवीला जळजळ होत असेल तरी दाखवा, कारण लघवीच्या जंतुसंसर्गानेही कळा सुरू होतात. बाळाभोवतीचं पाणी गेलं, ते हिरवट दिसलं, रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, यांपैकी काहीही झालं तर कळा असोत नसोत, दवाखाना गाठायचा. पाणी गेलं की लघवी झाली हा गोंधळ दुसऱ्या वेळी फार होतो, खोकलं तरी थेंब जातो. कोरडी सुती घडी लावून थोडं चालायचं. घडी पुन्हा भिजत राहिली आणि लघवीचा वास नसला, तर पाणीच समजायचं आणि निघायचं.

एक विनंती. दिवस भरले, कळा येऊन थांबतायत, म्हणून कुणी एरंडेल घ्यायला सांगितलं तर घेऊ नका. जुलाब होऊन आईच्या अंगातलं पाणी जातं आणि कळा वेड्यावाकड्या येतात. माझ्या सासूबाई जिऱ्याचं कोमट पाणी द्यायच्या आणि अर्धा तास पडायला लावायच्या. त्यात पाणीही पोटात जायचं आणि आडवं पडणंही व्हायचं, त्यामुळे सराव कळा त्यावर खरंच शांत व्हायच्या.

एकोणचाळिसाव्या आठवड्यात पहाटे साडेचारला लेक पुन्हा चाचपडत आला. प्यायला लागला, पोट आवळलं. हे आता रोजचं होतं, म्हणून मी डोळे मिटूनच होते. तो पिऊन झोपी गेला, त्याचं तोंड आपोआप सुटलं. पोट मात्र थोड्या थोड्या वेळाने आवळतच राहिलं. पाणी प्यायले, कुशीवर पडले, उठून गॅलरीत फेऱ्या मारल्या. कॅलेंडरमागे पेन्सिलीने लिहिलं : ४.४०, ४.५३, ५.०४, ५.१४. दुखत होतं ते चौतिसाव्या आठवड्यातल्या रात्रीपेक्षा कमीच. कपाळाला हात लावला, मग पोटाला. सारखंच.

सासूबाई लेकाशेजारी जाऊन निजल्या, माझी जागा रिकामी दिसू नये म्हणून माझी ओढणी अंगावर घेऊन. आम्ही साडेपाचला निघालो. होळकर पुलावर एक कळ आली, रविवार कारंजावर दुसरी. डॉक्टरबाईंनी तपासलं तेव्हा तोंड सात सेंटिमीटर उघडलेलं होतं. मुलगी ६ वाजून ५२ मिनिटांनी झाली.